एका दमात मागे

ट्रक पुढे काय, कुणीही नेतो. रस्ता समोर, डोळे समोर, अडचण कसली? ड्रायव्हरची खरी परीक्षा होते ती गाडी मागे घेताना. मागचं अंग जागेत घालायला जावं तर पुढचं नाक शेजारच्याच्या दारावर जातं. नाक सांभाळावं तर मागून भिंत येते. आणि बघायला काय, तर दोन आरसे आणि नशीब. भलेभले ड्रायव्हर यार्डात आले की घामाघूम व्हायचे. जरा मागे, पुन्हा पुढे, स्टिअरिंग गरागरा फिरव, परत मागे, आणि बाहेर उभे असलेले दहा जण दहा दिशांना हात हलवणार.

एकदमरावांचं तसं नव्हतं. एकदमराव हे आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते यार्डानं ठेवलेलं. त्यांची गाडी फाटकातून आत यायची, एकदा तिरकी उभी राहायची, आणि मागे निघाली की जागेवर बसेपर्यंत थांबायची नाही. एका दमात. दुसऱ्यांदा पुढे घेणं नाही, उतरून बघणं तर नाहीच नाही.

यार्डात एक रीत होती. लावताना ज्याला गाडी पुन्हा पुढे घ्यावी लागेल, त्यानं किटली हातात धरून सगळ्यांना चहा वाढायचा. शिक्षा म्हणाल तर काहीच नाही, पण आडदांड ड्रायव्हर कपात चहा ओतत फिरतोय आणि बाकीचे “अजून घाल, साखर कमी आहे” म्हणून त्याला पिदवतायत, ही करमणूक रोजची होती. सगळ्यांनी ती किटली धरली होती. सुपरवायझरनंसुद्धा, एकदा हौसेनं गाडी लावायला गेला तेव्हा. एकदमरावांनी मात्र इतक्या वर्षांत तिच्या दांड्याला हात लावला नव्हता, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. शेखी मिरवायची हौस त्यांना होतीच, आपण कशाला झाकायची?

आता अशा नावाचं एक असतं. मिळवताना मजा येते, पण पुढे ते रोज सांभाळत बसावं लागतं. एकदमरावांना ते गेलं वर्षभर फार जड जात होतं, कारण त्यांची मान वळत नव्हती.

एका सकाळी उठले ते मान धरूनच. उशी बदलली, तेल झालं, शेक झाला. उजवीकडे थोडी वळायची, डावीकडे अजिबात नाही. लांबच्या एका डॉक्टरनं सांगितलं की मणके झिजलेत, ट्रक सोडा. गळ्यात घालायला पट्टा दिला. पट्टा कपाटात साड्यांच्या खाली गेला आणि एकदमराव गाडीवर गेले. डावीकडच्या आरशाकडे आता ते नुसते डोळे फिरवून बघायचे. त्यात अर्धा आरसा दिसायचा, उरलेला अर्धा अंदाज. तीस वर्षांचा अंदाज काही वाईट नसतो, पण अंदाज तो अंदाज. गाडी मागे घेताना ते मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचे, आणि खाली उभ्या माणसांना वाटायचं, बघा कसा ताठ मानेनं गाडी घालतो.

हे फक्त बायकोला माहीत होतं. ती रोज मानेला तेल चोळायची आणि चोळता चोळता बोलायची. “सांगून टाका ना यार्डात. बसून करायचं काम देतील एखादं.”

“देतील! फाटकाबाहेर काढतील.”

“मग निदान पोरीला तरी सांगा.”

“तिला तर मुळीच नाही. तुला माझी शपथ आहे.”

पोरीला का नाही, त्याचं कारण सरळ होतं. एकुलती एक लेक, बापावर गेलेली, म्हणजे हट्टी. तान्ही असताना तिच्या रडण्यानं अख्खी गल्ली जागी व्हायची, म्हणून एकदमरावांनी तिचं नाव भोंगा ठेवलं, आणि घोडीएवढी झाली तरी ते तेच म्हणायचे. तिनं वेल्डिंग शिकून घेतलं होतं. आता बोटी बांधायच्या कारखान्यात तिला काम लागलं होतं. गाव लांब, वर्षभर सुट्टी नाही. बापाची मान गेलीय आणि ट्रक जाणार आहे हे कळलं असतं, तर तिनं ते काम सोडून दिलं असतं, आणि इथंच कुठेतरी खिडक्यांच्या जाळ्या जोडत बसली असती. एकदमराव तिला पुरते ओळखून होते.

पण झालं भलतंच. काम लागल्याचं तिनं रात्री जेवताना सांगितलं. जेवायला ती लहानपणापासून त्यांच्या डाव्या हाताला बसायची. त्या दिवशी मान अशी धरली होती की घास गिळतानाही कळ यायची. ती म्हणाली, “बाबा, मला घेतलं. पुढच्या महिन्यात जायचंय.” एकदमरावांना आनंदही झाला आणि धसकाही बसला. तिच्याकडे वळून बघावं, पाठीवर थाप मारावी असं फार वाटलं. पण मान हलेना. पूर्ण अंगानं वळलो तर ही विचारणार, काय झालं? म्हणून ते समोरच्या ताटाकडे बघत म्हणाले, “बरं.”

एवढंच. नुसतं बरं.

पोरीनं ताट उचललं आणि आत गेली. बाबांना आपलं जाणं पसंत नाही, बाबांनी तोंड फिरवलं, असं तिनं धरलं. खरं म्हणजे तोंड फिरवता येत नाही हेच दुखणं होतं. त्यानंतर महिनाभर ती डावीकडे बसून काही ना काही सांगायची आणि हे समोर बघत हूं हूं करायचे. मग तिनं सांगणं सोडलं. एकदमरावांना ते कळत नव्हतं असं नाही. रात्री आढ्याकडे बघत ते स्वतःशीच म्हणायचे, रागावून का होईना, जाईल तर खरी. असं म्हणून झोप यायची असती तर बरं झालं असतं.

लहान होती तेव्हा काय मजा असायची! सुट्टीच्या दिवशी गल्लीत हे दोघे एक खेळ खेळायचे. भोंगा ट्रक व्हायची, तोंडानं पीं पीं पीं करत उलटी चालायची. एकदमराव तिच्यासमोर उभे राहून हातानं रस्ता दाखवायचे. तळवे पुढे ढकलले की मागे जायचं. उजवा हात हलला की त्या अंगाला वळायचं, डावा हलला की या. मूठ मिटली की थांबायचं. तोंडानं मात्र एकच, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे!” कारण गाडी मागे घेणाऱ्याला सगळे तेच ओरडतात, दुसरं काही म्हणतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. खेळाचा नियम असा की ट्रकनं मागे वळून बघायचं नाही. समोरच्या हातावर भरवसा ठेवायचा आणि चालायचं. ती कधी वळली नाही आणि त्यांनी तिला कधी खांबावर आपटू दिलं नाही.

जायचा दिवस उजाडला. बस दुपारची होती. स्टँड यार्डाच्या मागच्याच रस्त्यावर. सकाळी निघताना एकदमराव म्हणाले, “एकच खेप आहे. गाडी लावतो आणि स्टँडवर येतो.”

“बघू,” भोंगा बॅगेची चेन ओढत म्हणाली.

खेप वेळेत झाली. पण गोदामाची क्रेन बंद पडली होती, त्यामुळे माल उतरायला आलेल्या गाड्या यार्डातच तुंबल्या होत्या. एकच जागा उरली होती, अगदी कोपऱ्यातली. उजवीकडे भिंत, डावीकडे बर्फवाल्याची गाडी. मासळी वाहणारी ती गाडी, तिच्या डोक्यावरचं थंडीचं मशीन अहोरात्र घरघरत असायचं. त्या शहाण्यानं ती तिरकी लावली होती.

“थांबा,” सुपरवायझर म्हणाला, “त्याला सरळ करायला सांगतो.”

“कशाला त्याला बोलावता? बसते,” एकदमराव म्हणाले. तोंडातून गेलं. सवयीनं गेलं.

माणसं गोळा झाली. “आज किटली हातात येणार!” फाटकवाला ओरडला. एकदमराव हसले आणि त्यांनी गाडी मागे टाकली. डावीकडे काय आहे ते नीट दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून भीती वाटत होती, आणि भीती वाटत होती म्हणून ते दिसणाऱ्या उजव्या भिंतीला चिकटत गेले, अजून चिकटत गेले. एकदा वाटलं, थोडी पुढे घेऊन सरळ करावी. पण किटली डोळ्यांसमोर आली. आरशाची कड भिंतीला चाटून गेली. गाडी जागेवर बसली. बाहेर टाळ्या पडल्या. एकदमरावांनी इंजिन बंद केलं, घाम पुसला आणि दार उघडायला गेले.

दार उघडेना. बोटभर सरकलं आणि भिंतीला टेकलं. सरकत सरकत ते डावीकडे गेले. तिकडचं दार जरा जास्त उघडलं, पण बर्फवाल्याच्या आरशाच्या लोखंडी दांड्याला अडकलं. त्या फटीतून पाय गेला, खांदा गेला, पोट गेलं नाही. पुन्हा ओढून घेतलं. खिडकीतूनही तेच झालं. मागे खिडकी नाही, तिथं नुसता पत्रा.

म्हणजे राजांनी गाडी एका दमात लावली होती आणि राजे आत कोंडले गेले होते.

आता खाली आवाज देऊन सांगायचं, की बाबांनो, मी जरा पुढे घेतो. दोन मिनिटांचं काम. पण तेच तर नको होतं! टाळ्या अजून कानात होत्या. एकदमरावांनी ठरवलं, सगळे जेवायला गेले की गुपचूप गाडी पुढे घ्यायची, उतरायचं, स्टँड गाठायचा. कुणाला कळायचं कारण नाही. मग ते पाय पसरून, टोपी डोळ्यांवर ओढून झोपल्याचं सोंग घेऊन बसले.

फाटकवाला रांगेतून ओरडत गेला, “कुणाला लगेच निघायचंय का? समोर आडवी गाडी लावतोय!”

एकदमरावांनी ऐकलं. तोंड उघडलं. आणि मिटलं. हो म्हटलं तर सगळ्यांदेखत गाडी पुढे घ्यावी लागली असती. टोपीखालून त्यांनी बघितलं, तोवर लांबगाडीवाला आलाच. त्याची लांब, रिकामी, सपाट गाडी रांगेच्या तोंडावर अशी आडवी उभी राहिली की तिच्यात आणि एकदमरावांच्या बंपरमध्ये माणूस जेमतेम जाईल. किल्ली खिशात घालून तो जवळच्या बहिणीकडे जेवायला निघूनही गेला. दुसऱ्याच्या गाडीला किल्ली लावायची नाही, हाही यार्डाचाच नियम.

आता तोंडचं पाणी पळालं. नाव राखायला जागा उरली नव्हती आणि बाहेर पडायलाही. केबिन तापली होती. डाव्या कानाशी थंडीचं मशीन घरघरत होतं आणि एकदमरावांच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. त्यांनी लेकीला फोन लावला.

“भोंगा, अगं, मी यार्डात अडकलोय.”

ती म्हणाली, “माहीत होतं मला.”

“अगं, तसं नाही, खरंच...”

फोन कट झाला. पुन्हा लावला, तिनं घेतला नाही. तिचं तरी काय चुकलं? शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा बाबा नाक्यावर अडकले होते. कावीळ झाली तेव्हा घाटात अडकले होते. वेल्डिंगचं प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी कुठल्याशा पुलावर. दर वेळी ते खरंच होतं, पण ऐकणाऱ्यानं किती वेळा खरं मानावं?

मग मात्र एकदमरावांनी हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. माणसं हातातले घास टाकून धावली. काय झालं ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर जे हसू फुटलं ते विचारू नका. “एकदमराव पेटीत बंद!” फाटकवाला पोट धरून बसला. बर्फवाल्याला शोधायला एक जण गेला, लांबगाडीवाल्याच्या बहिणीचं घर शोधायला दुसरा. “समोरची काच फोडू का?” कुणीतरी विचारलं. “कंपनीची काच आहे,” सुपरवायझर म्हणाला, “माणूस काय, निघेल सावकाश.” एकदमराव काचेआड बसून हे सगळं बघत होते. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा घड्याळ जास्त टोचत होतं.

आणि फाटकातून भोंगा आत आली.

एकटीच, बॅग स्टँडवर आईपाशी ठेवून. चेहरा ओढलेला. गर्दी बघून थबकली, मग लांबगाडीच्या सपाट पाठीवर हात टेकून वर चढली आणि थेट एकदमरावांच्या काचेसमोर येऊन उभी राहिली. बरोबर समोर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर.

एकदमरावांनी महिन्याभरात पहिल्यांदा तिला नीट बघितलं. केस कापून खांद्यावर आणले होते. कधी कापले? डोळ्यांखाली काळं आलं होतं. मान न वळवता आपली पोर दिसतेय, याचं त्यांना फार सुख झालं. ते फोन उचलायला लागले तर तिनं हात आडवा हलवला.

“फोन नको!” ती मशीनवर आवाज चढवून ओरडली. “फोनवर खूप ऐकलंय. आईनं पाठवलंय मला. म्हणाली, एकदा बघून ये आणि मग जा. तिला विचारलं का, तर डोळ्याला पदर लावून बसलीय. बाबा, मी जातेय ते तुम्हाला नकोय, तर सरळ सांगा ना! महिनाभर माझ्याकडे बघतसुद्धा नाही तुम्ही!”

एकदमराव आत काहीतरी पुटपुटले.

“ऐकू येत नाही!”

खाली सगळे उभे होते. फाटकवाला, ड्रायव्हर मंडळी, आणि अगदी बंपरपाशी सुपरवायझर. पुढच्या महिन्यात कंपनीची तपासणी होती, तो काही झाकून घेणार नव्हता. बोललं तर ट्रक जाणार. बोललं तर पोरगीही जायची नाही. न बोलावं तर ती जाईल, पण अशी जाईल. वर्षभर तिकडे परक्या खोलीत एकटी जेवताना तिला हेच आठवणार, की बापानं तोंड फिरवलं होतं. एकदमरावांना ते सहन होईना. इतक्या दिवसांत झालं नव्हतं, आता तर मुळीच होईना.

“मान वळत नाही माझी!” ते काचेवर तळवा आपटून ओरडले. “वर्ष झालं! डावीकडे वळतच नाही! तू डावीकडे बसतेस गं! बघायचं होतं मला, बघता येत नव्हतं!”

योग असा, की नेमकं तेव्हाच बर्फवाल्यानं येऊन आपलं मशीन बंद केलं होतं. शेवटचे शब्द अख्ख्या यार्डानं ऐकले. कुणी हसलं नाही. फाटकवाला उगाच आपली टोपी झटकत राहिला.

सुपरवायझर खाली बघत म्हणाला, “एकदमराव, उतरलात की किल्ली माझ्याकडे द्या. मला ऐकलं नाही असं करता येणार नाही.”

“देतो,” एकदमराव म्हणाले.

भोंगा तिथंच उकिडवी बसली होती, तोंडावर दोन्ही हात धरून. मग झटक्यानं उठली. “मी जात नाही! आईला घेऊन येते आणि तुम्हाला त्या डॉक्टरकडे...”

“गप!” एकदमराव ओरडले. हा आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. “मला फक्त उतरायचंय, ते ही माणसं उतरवतील. मान आहे तशीच राहील, तू इथं बसलीस म्हणून वळणार आहे का? बस सुटतेय तुझी.”

“बाबा, घराचं काय?”

“घर आहे तिथंच आहे. आई आहे, मी आहे. गाडी अर्ध्यात थांबवायची नाही, भोंगा. निघालीस ना? मग निघ.”

ती हलेना. तेव्हा एकदमरावांनी स्टिअरिंगवरचे हात उचलले, काचेसमोर धरले आणि दोन्ही तळवे पुढे ढकलले.

भोंगा बघत राहिली. तिला कळलं, पण पटेना. त्यांनी पुन्हा तळवे ढकलले. तिच्या ओठांचा चंबू झाला, तिनं नाक पुसलं, आणि ती लांबगाडीच्या पलीकडच्या कडेवरून खाली उतरली. आता सपाट पाठीवरून ती छातीपासून वर दिसत होती. तोंड बापाकडे, पाठ फाटकाकडे. एक पाऊल मागे गेली. मग दुसरं.

ड्रायव्हरांनी वाट सोडली. एकदमरावांचा उजवा हात हलला, ती तेलाच्या डबक्याला वळसा घालून गेली. डावा हात हलला, ती टायरच्या ढिगापासून लांब झाली. एकदा तिची टाच दगडाला लागली, ती अडखळली, पण तिनं मागे वळून बघितलं नाही. डोळे पुसायलाही हात वर केला नाही, बापाचे हात दिसायचे राहतील म्हणून. फाटकवाल्यानं धावत जाऊन फाटकाची दुसरी बाजूही उघडली. लहान होत होत ती फाटकाच्या दोन खांबांच्या बरोबर मधोमध गेली, एका दमात, कुठे न घासता.

केबिनमध्ये एकदमराव जिवाच्या आकांतानं तळवे पुढे पुढे ढकलत होते. आणि काचेआड, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांचं तोंड सारखं म्हणत होतं, येऊ दे, येऊ दे, येऊ दे.